हातातल्या यंत्राला मोडेम जोडताना : वऱ्हाडातील निवडीचे काही निकष

दिनदर्शिका, पत्ते आणि टिपणे सांभाळणारे, खिशात मावणारे जे यंत्र एकेकाळी ‘ऑर्गनायझर’ या नावाने विकले जात असे, ते आज त्या नावाने बाजारात दिसत नसले तरी त्याचे काम संपलेले नाही. ते काम आता रास्त भाव दुकानातील ई-पॉस यंत्र, कृषी सेवा केंद्रातील खतविक्रीचे पॉस यंत्र, शाखा डाकघरातील हातयंत्र, बँक मित्राचे सूक्ष्म एटीएम आणि कास्तकाराच्या किंवा विद्यार्थ्याच्या हातातील टॅब यांनी वाटून घेतले आहे. या सर्व यंत्रांत एक गोष्ट समान असते : ती स्वतःपुरती कितीही चांगली असली तरी बाहेरच्या जगाशी जोडली गेल्याशिवाय त्यांचा उपयोग अर्धाच राहतो, आणि ही जोडणी करून देणारे उपकरण म्हणजे मोडेम. संगणकाला कळणाऱ्या अंकीय संकेतांचे तारेवरून किंवा हवेतून जाऊ शकणाऱ्या लहरींत रूपांतर करणे आणि पलीकडून आलेल्या लहरींतून पुन्हा ते संकेत वेगळे काढणे, हे त्याचे दुहेरी काम होय. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत अशा हातयंत्रासाठी वेगळे मोडेम घेण्याची वेळ आली, तर निवड कशाच्या आधारावर करावी, याचा विचार येथे केला आहे.

जुन्या काळी ही निवड सोपी होती, कारण पर्यायच थोडे होते. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली, आणि त्यानंतरच्या चारपाच वर्षांत पाम कंपनीच्या हातयंत्रांना पाठीमागून किंवा खालून चिकटवता येणारी छोटी मोडेम मिळू लागली. पामपायलटसाठीच्या मोडेमचा वेग सेकंदाला १४.४ किलोबिट होता, तर पुढे पाम-पाच या यंत्रासाठी आलेल्या मोडेमचा ३३.६ किलोबिट. ग्राहकाने दोनच प्रश्न विचारायचे असत : या मोडेमची खाच आपल्या यंत्राला बसते का, आणि भिंतीतल्या टेलिफोनच्या तारेत खरखर आहे का. आज तार गेली, खाच बदलली, वेग हजारोपटींनी वाढला. परंतु हे दोन प्रश्न, थोडे रूप पालटून, अजूनही निवडीच्या मुळाशी आहेत. पहिला प्रश्न यंत्राच्या तोंडाचा आणि दुसरा गावातल्या रेंजचा. डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग हा तिसरा आणि बऱ्याच अंशी गौण प्रश्न आहे, मात्र दुकानात तोच पहिल्यांदा सांगितला जातो.

खरेदीपूर्वी एक निदान करून घेणे आवश्यक ठरते. रेशन दुकानात ‘मशीन चालत नाही’ असे जे सरसकट बोलले जाते, त्यामागे निदान तीन वेगवेगळी कारणे असू शकतात : गावात रेंज नसणे, रेंज असूनही दूरच्या सर्व्हरवर ताण असणे, किंवा शिधापत्रिकाधारकाच्या अंगठ्याच्या रेषा कष्टाने झिजल्यामुळे ठसा न जुळणे. यांपैकी फक्त पहिल्या कारणावर मोडेम हा उपाय आहे. जेव्हा यंत्र अडते, त्याच क्षणी शेजारच्या मोबाइलवर त्याच कंपनीच्या सिमने एखादे साधे संकेतस्थळ उघडून पाहिले, तर रेंज आहे की नाही याचा उलगडा होतो; संकेतस्थळ उघडत असेल आणि तरीही यंत्र अडलेले असेल, तर दोष बहुधा सर्व्हरकडचा किंवा ठशाचा असतो आणि नवे मोडेम घेऊन केवळ खर्च वाढतो. आठवडाभर अशा नोंदी वहीत दिवस आणि वेळेसह ठेवल्या, तर चित्र बरेच स्पष्ट होते. महिन्याच्या ठरावीक दिवसांत, ठरावीक तासांत आणि आजूबाजूच्या सगळ्याच दुकानांत एकदम येणारी अडचण ही रेंजची नसते.

रेंज आहे असे म्हणताना ती किती आहे, हेही मोजता येते. मोबाइलच्या पडद्यावरच्या कांड्या फारशा विश्वासार्ह नसतात, कारण किती संकेतशक्तीला किती कांड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने ठरवते. त्याऐवजी फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या स्थितीखाली डीबीएम या एककात एक ऋण आकडा दिलेला असतो, तो पाहावा. चौथ्या पिढीच्या, म्हणजे ४जी जाळ्यात उणे ८० च्या आसपासचा आकडा उत्तम, उणे १०० च्या आसपासचा कामचलाऊ आणि उणे ११५ च्या पलीकडचा भरवसा ठेवू नये असा समजावा. हे माप सरळ रेषेत वाढत नाही : दर ३ एककांना शक्ती निम्मी होते, त्यामुळे उणे ८५ आणि उणे ११५ यांतला फरक दिसायला तीसचा असला तरी प्रत्यक्षात तो हजारपटींचा असतो. दुकानाच्या आत, दारात, ओट्यावर आणि धाब्यावर, अशा चार ठिकाणी प्रत्येक कंपनीच्या सिमने हा आकडा लिहून घेतला, तर अर्धी निवड तिथेच होते. गावाभोवती मनोरे कोठे आहेत हे दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर नकाशात पाहता येते, आणि कंपन्यांचे स्वतःचे व्याप्ती-नकाशेही उपलब्ध आहेत. पण नकाशा हा गणिताने काढलेला अंदाज असतो, त्याला मधली टेकडी जितकी दिसते तितके मधले गोदामाचे टिनपत्रे दिसत नाहीत.

येथे या दोन जिल्ह्यांच्या भूगोलाचा विचार करावाच लागतो, कारण वऱ्हाडात एकच एक रेंज नाही. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या पूर्णा खोऱ्यातील तालुक्यांत, विशेषतः खारपाणपट्ट्यात, जमीन ताटासारखी सपाट आहे. मनोरे एकमेकांपासून लांब असले तरी मध्ये अडथळा नसल्याने धाब्यावर ठेवलेल्या मोडेमला लांबचा मनोराही पकडता येतो. याउलट अकोट किंवा परतवाड्याकडून उत्तरेला निघाले, की गाविलगडच्या रांगा उभ्या राहतात, आणि सेमाडोह, हरिसाल या मार्गाने धारणीपर्यंत जाताना एका वळणावर भरपूर असलेली रेंज पुढच्या वळणावर शून्य होते. डोंगराच्या सावलीत संकेत पोहोचत नाहीत एवढेच नव्हे, तर मेळघाटातील दाट सागवान पावसाळ्यात ओल्या पानांनी भरले की संकेत शोषून घेते आणि उन्हाळ्यात पाने झडली की तीच रेंज सुधारल्यासारखी वाटते. म्हणून मेळघाटात एप्रिल-मे महिन्यात मोजून घेतलेल्या आकड्यावर विसंबून मोडेम घेतल्यास ऑगस्टमध्ये पस्तावण्याची शक्यता असते.

याच मार्गावरील हरिसालचे उदाहरण बोलके आहे. राज्य शासन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने हे गाव देशातील पहिले डिजिटल गाव म्हणून पुढे आणले गेले, आणि २०१९च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांच्या सभांमधून पडद्यावर दाखवलेल्या चित्रफितींनी त्याच गावातल्या रेंजचा प्रश्न महाराष्ट्रभर पोचवला. तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाने अर्थातच ठाकरे यांचे म्हणणे फेटाळले. त्या वादात कोण किती खरे होते, हा या लेखाचा विषय नाही. मोडेम घेणाऱ्याने त्यातून एवढेच टिपावे की गावाला रेंज आहे का, या प्रश्नाला गावासाठी एक उत्तर नसते. ग्रामपंचायतीच्या दारात ते होकारार्थी आणि नाल्यापलीकडच्या ढान्यात, म्हणजे वस्तीत, नकारार्थी असू शकते.

रेंजनंतर येतो बँडचा, म्हणजे लहरींच्या पट्ट्याचा प्रश्न. मोबाइल कंपन्या निरनिराळ्या कंपनसंख्यांवर सेवा देतात आणि प्रत्येक पट्ट्याला जागतिक पातळीवर एक क्रमांक दिलेला असतो. कंपनसंख्या जितकी कमी, तितकी लहर लांब जाते आणि भिंतीतून, झाडीतून अधिक सुखरूप पार पडते. कंपनसंख्या जितकी जास्त, तितकी माहितीची वाहतूक अधिक, पण पल्ला आखूड. देशाचा एकूण विचार केला तर जिओची ४जी सेवा ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत, म्हणजे अनुक्रमे बँड ५, ३ आणि ४० मध्ये चालते. एअरटेल आणि व्हीआय यांच्याकडे ९००, १८०० आणि २१०० चे पट्टे, म्हणजे बँड ८, ३ आणि १ आहेत, त्याशिवाय एअरटेलकडे २३०० आणि व्हीआयकडे २५०० चा पट्टाही आहे. बीएसएनएलच्या नव्या ४जी जाळ्यात ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ आणि २१०० चा बँड १ वापरला जातो. कोणती कंपनी कोणत्या गावात यांपैकी नेमका कोणता पट्टा वापरते यात फरक पडतो, तो फोनवरील जाळे-माहिती दाखवणाऱ्या एखाद्या ॲपवरून कळतो.

हा तपशील रुक्ष वाटला तरी पैसे वाचवणारा आहे. ऑनलाइन बाजारात स्वस्तात मिळणारी अनेक मोडेम परदेशी बाजारपेठेसाठी बनवलेली असतात, आणि त्यांच्यात बँड ५ नसल्यास तेच यंत्र अमरावतीच्या राजकमल चौकात झकास चालून चिखलदऱ्याच्या वाटेवर मुके होते, कारण शहरात १८०० चा पट्टा पुरेसा असतो आणि डोंगरात ज्याचा आधार असतो तो नेमका खालचा पट्टा त्याला ऐकूच येत नाही. खोक्यावर केवळ ‘४जी’ असे लिहिलेले पुरेसे नाही. बँडची यादी छापलेली नसेल, तर ते मोडेम घेऊ नये. बीएसएनएलचा मनोरा हाच एकमेव आधार असलेल्या गावांत तर बँड २८ आहे की नाही, हे सर्वांत आधी पाहावे. जुन्या मोडेममध्ये तो क्वचितच असतो.

पिढीचाही प्रश्न आहे. कपाटात पडून असलेले जुने ३जी डोंगल पुन्हा वापरात आणण्याचा मोह होतो, परंतु जिओच्या जाळ्यात २जी किंवा ३जी मुळातच नाही आणि एअरटेलने आपली ३जी सेवा बंद केली आहे. अशा डोंगलमध्ये जिओचे सिम चालत नाही आणि एअरटेलचे सिम २जीवर घसरते, जिथे अंगठ्याची पडताळणी कशीबशी होते पण छायाचित्र चढत नाही. दुसऱ्या टोकाला, ५जी मोडेमसाठी तिप्पट-चौपट पैसे मोजण्याची गरजही हातयंत्राला सहसा नसते. आधारची एक पडताळणी किंवा खतविक्रीची एक नोंद काही थोडक्या किलोबाइटांत आटोपते. ज्याला तांत्रिक भाषेत ‘कॅटेगरी ४’ म्हणतात, ते साधे ४जी मोडेम सिद्धांततः सेकंदाला १५० मेगाबिट उतरवू आणि ५० मेगाबिट चढवू शकते, आणि एवढी क्षमता गावातला मनोराच पुरवू शकत नाही. उपयोगी पडतो तो वेग नव्हे तर सातत्य, आणि तेही बहुतेकदा चढवण्याच्या दिशेचे. ई-पीक पाहणीत वावरात उभे राहून कपाशीचे किंवा तुरीचे छायाचित्र घेताना स्थाननिश्चिती उपग्रहांकडून होते, तिला सिम लागत नाही; रेंज लागते ती नोंद पुढे पाठवताना.

आता यंत्राच्या तोंडाकडे वळावे. मोडेम जोडण्याच्या तीन वाटा आहेत : यूएसबीच्या खाचेत डोंगल खुपसणे, वायफायने जोडले जाणारे खिशातील हॉटस्पॉट वापरणे, किंवा भिंतीवर बसणाऱ्या सिम-राउटरचा आधार घेणे. डोंगल सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवे. लॅपटॉपमध्ये निमूट चालणारे डोंगल अँड्रॉइड टॅबला जोडल्यावर बहुधा ओळखलेच जात नाही, कारण जुन्या पद्धतीची डोंगले यंत्राकडून टेलिफोनसारखे ‘डायल’ करून घेतात आणि टॅबला ती रीत येत नाही. स्वतःला एखाद्या नेटवर्क कार्डासारखे सादर करणारी डोंगले तुलनेने बरी चालतात. त्यातही विजेचा हिशेब आड येतो. यूएसबी २.० ची खाच ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देते, आणि क्षीण रेंजमध्ये मनोऱ्यापर्यंत आवाज पोचवण्यासाठी जोर लावणारे मोडेम त्याहून अधिक ओढू पाहते. मग डोंगलचा दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो, आणि दोष सिमला दिला जातो. हातयंत्राची बॅटरीही अशा वेळी दुपारपर्यंतच टिकते.

या कारणांमुळे वायफाय असलेल्या कोणत्याही हातयंत्रासाठी खिशातील हॉटस्पॉट किंवा सिम-राउटर हाच अधिक समंजस पर्याय ठरतो, कारण त्यात मोडेम आणि यंत्र एकमेकांना केवळ वायफायने ओळखतात, चालकप्रणालीचा प्रश्न उरत नाही आणि मोडेम रेंज असेल तेथे, म्हणजे खिडकीत किंवा धाब्यावर, ठेवता येते. शासकीय ई-पॉस किंवा डाक विभागाच्या हातयंत्राच्या बाबतीत मात्र एक मर्यादा पाळणे आवश्यक आहे : ती यंत्रे विभागाच्या मालकीची आणि कुलूपबंद प्रणालीची असतात, त्यामुळे त्यांचे झाकण उघडणे किंवा त्यांत परके डोंगल घालणे योग्य नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दर्पण’ प्रकल्पातून शाखा डाकघरांना मिळालेली हातयंत्रे असोत की पुरवठा विभागाची ई-पॉस यंत्रे, वायफायची सोय खुली आहे का हे देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाकडून विचारून घ्यावे, आणि ती असेल तरच बाहेरचे मोडेम घ्यावे. खतविक्रेत्याने हा प्रश्न मे महिन्यातच मिटवलेला बरा; खताचे अनुदान पॉस यंत्रावरच्या विक्रीच्या नोंदीवर कंपन्यांना मिळत असल्याने नोंदीविना गोणी देता येत नाही, आणि पहिला पाऊस पडून गेल्यावर दुकानासमोर लागलेल्या रांगेला रेंजचे शास्त्र समजावून सांगता येत नाही.

स्वतःचा मोबाइलच मोडेम म्हणून वापरण्याची चौथी, बिनखर्ची वाट अर्थातच आहे, आणि दिवसात दहा-पंधरा नोंदी असलेल्यांना ती पुरते. मात्र मालक दुकानाबाहेर गेला की मोडेमही त्याच्याबरोबर जाते, आणि व्होल्टीई नसलेल्या फोनवर कॉल आला की चालू नोंद मध्येच तुटते. त्यामुळे दुकान ज्याच्या-त्याच्या हाती सोपवावे लागते तेथे वेगळे मोडेमच घ्यावे.

वीज आणि ऊन यांचा विचार वऱ्हाडाबाहेर लिहिलेल्या माहितीपत्रकांत सापडत नाही. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो. मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे तेथील जिल्हा प्रशासनाला जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. लिथियम बॅटरी साधारणतः ४५ अंशांपर्यंतच सुरक्षितपणे चार्ज होते, म्हणजे टिनाच्या छपराखाली दिवसभर चार्जरला लावून ठेवलेले खिशातील हॉटस्पॉट आपली मर्यादा भर दुपारी ओलांडते आणि एकदोन उन्हाळ्यांत त्याची बॅटरी फुगते. एका जागी राहणाऱ्या दुकानासाठी बॅटरी नसलेले, १२ व्होल्टवर चालणारे सिम-राउटर घेऊन त्याला राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस जोडणे अधिक टिकाऊ ठरते. वीज गेल्यावरही दोनतीन तास काम चालते, आणि यूपीएसची बॅटरी खराब झाली तर ती स्वतंत्रपणे बदलता येते. फिरत्या बँक मित्राला मात्र खिशातील हॉटस्पॉटला पर्याय नाही. त्याने बॅटरी काढता येणारे आणि तिची जोड-बॅटरी अकोल्यात किंवा अमरावतीत मिळणारे मॉडेल निवडावे.

रेंज क्षीण असलेल्या ठिकाणी बाह्य अँटेना उपयोगी पडतो, पण त्यासाठी मोडेमला अँटेना जोडण्याची खाच हवी. खिशातील हॉटस्पॉटमध्ये ती सहसा नसते, भिंतीवरच्या राउटरमध्ये बहुधा असते. सपाट प्रदेशात, मनोऱ्याची दिशा ठाऊक असल्यास, एकाच दिशेला ऐकणारा अँटेना चांगला लाभ देतो. त्यापासून राउटरपर्यंतची पातळ केबल मात्र दहा मीटर झाली, तर वाटेतच तो लाभ बराचसा गिळून टाकते; म्हणून लांब केबल ओढण्यापेक्षा राउटरच पाण्यापासून सुरक्षित पेटीत, सावलीला, वर बसवून तेथून खाली साधी नेटवर्क केबल आणावी. ‘बूस्टर’ किंवा ‘रिपीटर’ म्हणून विकली जाणारी यंत्रे ही वेगळी गोष्ट आहे. ती हवेतले संकेत पकडून पुन्हा प्रक्षेपित करतात, खासगी व्यक्तीने ती बसवणे बेकायदेशीर आहे, आणि त्यांच्या गोंगाटाने आसपासच्या सगळ्यांचीच रेंज बिघडते. एका दुकानाची रांग पुढे सरकावी म्हणून अख्ख्या आळीचे फोन बंद पडावेत, हा व्यवहार कोणालाच परवडणारा नाही.

सिमच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. कंपनीच्या नावाने विकले जाणारे मोडेम बऱ्याचदा त्याच कंपनीच्या सिमला बांधलेले असते, जिओचे जिओफाय हे त्याचे परिचित उदाहरण. ज्या गावात पावसाळ्यात एक मनोरा आणि उन्हाळ्यात दुसरा चालतो, तेथे कोणतेही सिम घेणारे मोडेम घेणेच शहाणपणाचे. दुसरी गोष्ट रोमिंगची. डिजिटल भारत निधीच्या पैशांतून दुर्गम भागात उभारलेल्या मनोऱ्यांवर एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीचे जाळे वापरू देण्याची सोय जानेवारी २०२५ मध्ये सुरू करण्यात आली. अशा मनोऱ्याच्या टापूत मोडेमच्या सेटिंगमध्ये डेटा रोमिंग बंद असल्यास रेंज दिसूनही नेट न चालण्याचा प्रकार घडू शकतो, तेव्हा ते सुरू आहे का हे आधी पाहावे.

मोडेम खरेदी करताना त्याच्या तळाशी छापलेला १५ अंकी आयएमईआय क्रमांक खोक्यावरील क्रमांकाशी जुळवावा, आणि ‘केवायएम’ लिहून पुढे तो क्रमांक टाकून १४४२२ वर संदेश पाठवावा. चोरीचे किंवा बनावट क्रमांकाचे उपकरण असल्यास उत्तरात ते कळते. त्यानंतर दुकानदाराशी आठ दिवसांत परत करण्याची बोली ठरवून, तशी नोंद पावतीवर करून घ्यावी, आणि त्या आठ दिवसांत मोडेम घरी नव्हे तर ज्या ओट्यावर, ज्या वावरात किंवा ज्या ढान्यात ते खरोखर वापरायचे आहे तेथे, एकदा सकाळी, एकदा भर दुपारी आणि एकदा संध्याकाळी सातच्या सुमारास, जेव्हा गावातले सगळे फोन एकदम जागे होतात, चालवून पाहावे.